पिल्लाला लळा लावला कोणी?

तळ्यावरच्या पक्षिकेंद्रात राखणदाराला सगळे भिंगकाका म्हणत. कारण उघड होतं. बारीकसारीक गोष्ट मोठी करून पाहिल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. पूर्वी या तळ्यात गावाचा कचरा पडायचा. तो उपसला, गाळ काढला, काठानं पाणकणसं लावली आणि तळं सोडून गेलेले करकोचे परत आले. लांबच्या प्रवासाआधी ते इथं जमत, उथळ पाण्यात उभ्याउभ्या रात्र काढत आणि वारा मनासारखा झाला की एका सकाळी सगळे मिळून निघून जात. लोक कौतुकानं बघायला येत. भिंगकाका मात्र विचारत, "गेल्या वर्षीचेच हे, कशावरून?"

यंदा एका सोडून दिलेल्या घरट्यातलं अंडं केंद्रात उबवलं होतं. पिल्लाला माणसाचा लळा लागू नये म्हणून त्याच्यापाशी जायचं ते पायघोळ राखाडी झगा घालून, तोंडावर जाळी ओढून आणि हातात करकोच्याच्या डोक्याचं बाहुलं चढवून. त्या बाहुल्याच्या चोचीतून खाऊ द्यायचा. आत अवाक्षर काढायचं नाही. पिल्लाला नाव ठेवायचं नाही, हाही नियम होता. माणसांना नावं ठेवायला भिंगकाकांना मोकळीक होती. सकाळची पाळी त्यांची, संध्याकाळची त्यांच्या सुनेची.

पिल्लू वाढलं, उडायला लागलं, थव्यात सोडलं. आणि तिथं घोडं अडलं. दिवसभर ते थव्याबरोबर चरायचं, पण माणसाची चाहूल लागली की कुंपणाकडे धावत यायचं.

"हे माणसाळलंय," केंद्राच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आपल्यातल्याच कोणाचा तरी आवाज याच्या कानात बसलाय. थव्याबरोबर गेलं नाही, तर जन्मभर पिंजरा. असं धीट पाखरू मोकळं ठेवलं, तर पहिला कुत्रा नाहीतर पहिला शिकारी त्याला उचलेल."

भिंगकाकांच्या मनात पाल चुकचुकली. आपण तर तोंड शिवूनच आत जातो. मग उरलं कोण? सून! जी गॅसच्या शेगडीशीसुद्धा गप्पा मारते.

घरी येताच ते स्वयंपाकघराच्या दाराशी दोनदा खाकरले आणि आत गेले. सून घरात आल्यापासूनचा हा त्यांचा शिरस्ता. न कळवता आत घुसतो तो चोर, असं त्यांचं मत होतं.

"काय गं, पिल्लाजवळ कधी काही बोलतेस?"

"नाही हो, मामंजी."

"गुणगुणतेस?"

"तोंडात बोळा कोंबून जाऊ का उद्यापासून?"

"खाई त्याला खवखवे."

"मग खवखवतंय ते तुम्हाला," असं म्हणून तिनं कुकर जरा जोरातच आपटला. भिंगकाकांनी तेही मनात टिपून ठेवलं. मनात काही नसेल तर माणूस कुकर कशाला आपटेल?

दुसऱ्या संध्याकाळी ते झगा न घालता, दुर्बीण घेऊन पाणकणसांच्या दाटीत दबा धरून बसले. चोर रंगेहाथच पकडायचा होता. थव्यात सोडल्यावरही पिल्लाला वरचा खाऊ चालू होता; थोड्या वेळानं झगा आणि जाळी घालून सून काठावर आली. थव्यातून पिल्लू पुढं आलं, बाहुल्याच्या चोचीतून दाणे टिपू लागलं. मध्येच सुनेचा पाय चिखलात सरकला, ती गुडघ्यावर आपटली. भिंगकाकांनी कान टवकारले. आता तरी "अगं आई गं" येईल! पण बाई मुकाट्यानं उठली, बाहुलं पुन्हा पुढं केलं. भिंगकाकांना चक्क वाईट वाटलं. इतका वेळ डास चावून घेतले, ते फुकट गेले म्हणायचे. मग त्या वाईट वाटण्याचीच त्यांना लाज वाटली आणि पोरीचा गुडघा बघावा म्हणून ते उठले. बाहेर पडण्याआधी सवयीनं दोनदा खाकरले.

पिल्लानं मान ताठ केली. चोचीतला दाणा टाकला. पंख पसरून ते पाणकणसांकडे धावत सुटलं आणि भिंगकाकांपुढं येऊन त्यांच्या सदऱ्याचं बटण चोचीनं ओढू लागलं.

सुनेनं जाळी वर केली. "मामंजी," ती हळूच म्हणाली, "पिल्लू खोलीत होतं, तेव्हा रोज सकाळी तुम्ही दारातही..."

तिला वाक्य पुरं करावं लागलं नाही. खोलीच्या दारात, आणि त्याआधी उबवणीच्या पेटीचं झाकण उघडतानाही. पिल्लू अंड्यात होतं तेव्हापासून, रोज. खाकरणं म्हणजे काही बोलणं नव्हे, म्हणून नियम मोडतोय असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. जगाची झडती घेत फिरणाऱ्या माणसानं आपला खिसा कधी चाचपलाच नव्हता.

"गुडघा फार लागला का गं?" त्यांनी विचारलं. माफी मागायची त्यांना तेवढीच रीत ठाऊक होती.

सकाळी वारा फिरला. थवा कलकलाट करत उठू लागला, तळ्यावर घिरट्या घालू लागला. पिल्लू तेवढं काठावर, कुंपणाकडे तोंड करून उभं. भिंगकाका साध्या सदऱ्यात बाहेर आले आणि त्यांनी कुंपणालगतच्या शेतातली ढेकळं गोळा केली. काय करणार आहेत ते सुनेला कळलं.

"द्या, मी मारते."

"तू मारून काय उपयोग? त्याचा विश्वास माझ्यावर आहे."

पहिलं ढेकूळ त्यांनी मुद्दाम बाजूला टाकलं. पिल्लाला तो खाऊ वाटला, ते आणखी जवळ आलं. दुसरं ढेकूळ त्यांनी नेम धरून मारलं. ते पंखावर बसलं. पिल्लू मागं सरलं आणि मान वाकडी करून त्यांच्याकडे बघत राहिलं. अशी नजर त्यांनी आजवर इतरांवर रोखली होती, स्वतःवर कधी झेलली नव्हती.

"जा! चालता हो मेल्या!" ते ओरडले. "माणसाच्या जवळ यायचं नाही! माझ्यासुद्धा!"

तिसरं ढेकूळ सुटायच्या आत पिल्लू उडालं. घिरटी घालणाऱ्या थव्यात शिरलं, वर चढलं आणि बघता बघता बाकीच्यांसारखंच दिसू लागलं. थवा डोंगराकडे वळला.

"गेलं हो, मामंजी," सून डोळे पुसत म्हणाली. "आता पुरे."

"त्याचा काय भरवसा," भिंगकाका म्हणाले. "वळून बघेल." आणि ते आणखी एक ढेकूळ उचलायला वाकले.