माउलीचा लाल डोळा

शनिवारची सकाळची शाळा सुटून तासही झाला नव्हता आणि टेकडीवर माउलीच्या ठाण्यासमोर गाड्यांची रांग लागली होती. सगळ्यांची तोंडं देवीकडे, सगळ्यांची बॉनेटं उघडी. हातात तांब्या घेतलेले वीरेंद्र महाराज एकेका गाडीपुढे थांबत होते. मागच्या दिवाळीपर्यंत ते साकोलीच्या बाजारात सीटकव्हर आणि काचेवर चिकटवायची देवांची चित्रं विकत. माउली अंगात आली आणि धंदा बदलला, गिऱ्हाईक मात्र तेच राहिलं.

"पाहा नीट," महाराज म्हणाले. "लाल गोल, मंधात उभी रेघ, खाली टिकली. माउलीचा डोळा हाय हा. ज्याच्यावर वटारला त्याच्या घरचं माणूस गेलंच समजा."

पहिला नंबर गावच्या वासुदेवरावांच्या टेम्पोचा होता. स्टिअरिंगमागे लाल दिवा पेटलेला सगळ्यांनी पाहिला. महाराजांनी इंजिनाजवळच्या डबीचं झाकण काढून तलावाचं पाणी ओतलं, ओठ हलवले, झाकण लावलं. दिवा विझला. लोकांनी जयजयकार केला आणि वासुदेवराव हात जोडून टेम्पो घेऊन उतरले.

टेम्पोच्या मागेच दुसऱ्या नंबरला उभ्या मनिरामच्या गाडीत बसलेल्या ज्योत्सनाने खिडकीतून मान बाहेर काढून हे पाहिलं. ती शेजारगावच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि शाळा सुटल्यावर वाटेतूनच या गाडीत बसली होती. मनिराम तिचा धाकटा दीर. मासेमारी सोडून त्याने जुनी गाडी घेतली होती आणि गावातल्या पोरींना साकोलीच्या शाळेत ने-आण करत होता. आत्ताही मागच्या सीटवर पोरी दाटीवाटीने बसल्या होत्या, त्यांत ज्योत्सनाची मुलगी टीनाही होती. वाटेत लाल दिवा लागला तसा मनिरामने गाडी घराऐवजी टेकडीकडे वळवली होती.

"भाऊजी, हे पाणी आधीही टाकलं काय?"

"दोनदा टाकलं, वहिनी. टाकलं का दिवा बुजते, मंग परत लागते. माउलीचा राग मोठा हाय."

मनिरामला पटवायला महाराजांना काहीच कष्ट पडले नसणार. त्याच्या घरची रीतच होती, नवा डोंगा तलावात उतरवला की त्याच तलावाचं ओंजळभर पाणी आधी त्यात ओतायचं, म्हणजे तलाव डोंग्याला बुडवत नाही. महाराजांनी ती रीत आयती उचलली आणि गाडीला लावली.

नंबर आला. ज्योत्सनाने पोरींना खाली उतरवलं, एकट्या टीनाला दिव्याकडे पाहत बसवलं.

"चाकाले दगड लावा, भाऊजी, अन् हँडब्रेक पूरा खाली करा. तो वर राहिला तरी हाच दिवा लागते. चावी चालू राहू द्या."

हँडब्रेक खाली गेला. दिवा पेटलेलाच राहिला. महाराजांनी डबीचं झाकण काढलं आणि तांब्या वाकवला, तेवढ्यात ज्योत्सनाने डबीवर तळहात धरला आणि झाकण त्यांच्या हातातून घेतलं. झाकणाला वायर होती आणि आतल्या बाजूने एक छोटं बोंड लोंबत होतं. ते तिने बोटाने वर ढकललं.

"टीना, काय दिसते?"

"बुजला."

बोट काढलं.

"लागला." पुन्हा बोट. "बुजला."

माउलीचा डोळा एका मास्तरणीच्या बोटावर उघडमीट करत होता. पोरी हसल्या, मोठी माणसं डबीवर वाकली.

"गळाले तरंगणारी काडी असते ना, भाऊजी, तसंच हे बोंड," ती म्हणाली. "डबीत ब्रेकचं ऑइल असते. ते कमी झालं का बोंड खाली, अन् दिवा लागते. पाणी ओतलं का बोंड वर. ऑइल हाय का पाणी, दिव्याले काय समजते?"

"मंग ऑइल गेलं कुठं?" मनिरामने विचारलं.

ती मागच्या चाकाशी वाकली. चाकाच्या आतल्या बाजूने ओला, तेलकट ओघळ खाली आला होता. मनिरामने बोट लावून पाहिलं आणि बोट तसंच धरून उभा राहिला.

"थेंब थेंब गळून राहिलं. अन् उतारावर ब्रेक तापला का आतलं पाणी उकळते, वाफ होते. वाफेवर पाय दाबला तर नुसता पाय खाली जाते, गाडी थांबत नाही."

महाराजांनी डोळे मोठे केले. "बाई, माउलीची परीक्षा घेऊन राहिली तू. ह्या गाडीचं वाईट होईन."

"होईनच. मी तेच सांगून राहिली. तुमचं पाणी खरं असन तर ओता अन् तुमीच बसा पुढं. पाळीपर्यंत जाऊन या."

टेकडीचा रस्ता सरळ तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उतरत होता. तिथे वळण होतं, आणि वळणापलीकडे खोल पाणी. महाराजांनी उताराकडे पाहिलं, चाकाखालच्या दगडाकडे पाहिलं आणि त्यांना एकाएकी मौनव्रत आठवलं. या वेळी कुणी हसलं नाही.

"वहिनी," मनिराम हळू आवाजात म्हणाला, "काल इथून पाणी टाकून उतरताना त्या वळणावर माहा पाय पार खालपर्यंत गेला होता. दुसऱ्यांदा दाबला तवा गाडी थांबली. मले वाटलं, माउलीनं वाचवलं."

"गाडीत कोण होतं?"

"साऱ्या पोरी होत्या. गाणे म्हणून राहिल्या होत्या."

त्याने चावी काढून तिच्या हातात दिली. तिने टीनाला जवळ ओढलं. मग तिला मघाचा टेम्पो आठवला. तिने फोन लावला.

"वासुदेवराव, टेम्पो बाजूले घ्या. गिअर कमी करा, हळूहळू थांबवा. चालवू नका."

पलीकडून वारा आणि इंजिनाचा आवाज येत होता. वासुदेवराव खुशीत होते.

"कायले, बाई? आता तर दिवा बुजला."

गाडी बनवणाऱ्यांनी तो दिवा माणसाला वेळीच भीती वाटावी म्हणून बसवला आहे. तो लागला तर हँडब्रेक पाहा. तो खाली असेल तर गाडी जपून बाजूला घ्या, थांबवा आणि मिस्त्रीला तिथेच बोलवा. दिवा विझवणारे पुष्कळ भेटतील. तो का लागला, हे विचारणारं माणूस गाडीत एक तरी असू द्या.