रिकामा खलबत्ता

गारखेड्यातल्या त्या अपार्टमेंटच्या चौथ्या मजल्यावर रोज सकाळी साडेनऊला एक आवाज व्हायचा. खट्ट! अभयराव आपल्या आईला बाहेरून कुलूप लावून वाळूजला कंपनीत निघायचे. कुलूप दोनदा ओढून बघायचे, किल्ली खिशात टाकायचे आणि जिना उतरायचे. जाळीच्या दारापलीकडे आई उभी असायची. पण बघायचं होतं ते कुलूप, आईकडं कोण बघतो!

तुम्ही म्हणाल, काय कसाई माणूस! तसं मुळीच नव्हतं. अभयराव म्हणजे चारचौघांत नाव घ्यावं असे गृहस्थ. सोसायटीचे सचिव, कुणाची पाण्याची मोटर बिघडली तरी रात्री-बेरात्री धावणारे. वडील रामकिसन वारले तेव्हा पाचोडला एकट्या पडलेल्या आईला ते स्वतः गाडी घेऊन जाऊन घेऊन आले. कडूबाई तिचं नाव. आधीची तीन भावंडं दगावली म्हणून, हिला तरी नजर लागू नये यासाठी आईबापांनी कडू नाव ठेवलेली, आणि त्या नावावर अठ्ठ्याहत्तर वर्षं जगलेली बाई. इथं आल्यावर पंधरा दिवसांत ती एकटीच खाली उतरली, कोपऱ्यावरच्या भाजीवालीशी गप्पा मारत बसली आणि येताना चुकून शेजारच्या इमारतीचा जिना चढली. तासभर शोधाशोध झाली. त्या दिवसापासून कुलूप!

"सेफ्टीसाठी," अभयराव म्हणाले. त्यांची बायको मोनिका शाळेत शिक्षिका. तिनंही मान डोलावली. सेफ्टी हा शब्द असा आहे, की तो उच्चारला की समोरच्याची मान आपोआप डोलते.

पुढं दिवसातले तीन तास एका संस्थेकडून बाई लावली. मुकुंदवाडीच्या सारजाबाई. दहा ते एक. पहिल्याच दिवशी अभयरावांनी दुसरी किल्ली त्यांच्या हातात देत बजावलं, "माझ्या आईची नीट राखण करायची. चहा, गोळी, जेवण वेळेवर. प्रत्येकाचा फोटो मला पाठवायचा. खाली न्यायचं नाही. आणि गप्पा फार नकोत. गावाकडचं निघालं की ती रडते."

म्हणजे बघा. सोबतीला माणूस आणायचं, पैसे मोजायचे, आणि त्याला सांगायचं की बोलू नकोस!

सारजाबाई इमानानं फोटो पाठवू लागल्या. चहाचा कप. गोळीची पट्टी. ताट. अभयराव मिटिंगमध्ये बसल्या बसल्या अंगठा दाखवायचे. आणि तीन महिन्यांत कडूबाईंचं बोलणं जवळजवळ बंद झालं. बोलल्याच तर एवढंच:

"खाली कुनीतरी रिकामा खलबत्ता कुटायलंय."

"कधी?" मोनिकानं विचारलं.

"रोज. अकरा वाजले की."

अकराला ही दोघं घरी कुठं असायची! सारजाबाईंना विचारायचं कुणाला सुचलं नाही. मग रविवारी नवराबायको मुद्दाम कान देऊन बसले. चिटपाखराचाही आवाज नाही. अभयरावांनी मोनिकाकडं बघितलं, मोनिकानं त्यांच्याकडं. रिकामा खलबत्ता! बुद्धी फिरल्याशिवाय माणूस असं बोलेल का? गुरुवारची मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेऊनही झाली. म्हातारीचं डोकं चालेनासं झालं, हे घरात ठरून गेलं. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

त्याआधीचा बुधवार. साडेअकराला अभयरावांनी सवयीनं मोबाईलवर घरचा कॅमेरा उघडला. आईची खुर्ची रिकामी! सारजाबाईंना फोन लावला, तर तो घरातच टीपॉयवर वाजताना दिसला. अभयरावांचं डोकंच सणकलं. वाळूजहून गारखेड्यापर्यंत गाडी त्यांनी कशी आणली, त्यांनाच ठाऊक. मनात एकच, आज या बाईला हाकलून द्यायची.

जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर हसण्याचा आवाज आला आणि त्यांचे पाय थबकले. हे हसणं त्यांनी वर्षभरात ऐकलं नव्हतं. कडूबाई पायरीवर फतकल मारून बसल्या होत्या, शेजारी सारजाबाई. समोर जाळीचं दार, त्याला बाहेरून हे एवढं पितळी कुलूप. आत जमिनीवर एक वाळकी म्हातारी दाराला खेटून बसलेली. तिची बोटं जाळीतून बाहेर आली होती आणि कडूबाईंनी ती धरून ठेवली होती. पाचोडच्या बाजारात एका बैलवाल्याला त्यांनी कसा गंडवला, ते सांगत होत्या. बैलाचा रंग, बाजाराचा दिवस, त्या माणसाच्या सासऱ्याचं नावसुद्धा. म्हणे बुद्धी फिरली!

पण अभयरावांना तेव्हा काही ऐकू येत नव्हतं.

"सारजाबाई! कुणाला विचारून आईला बाहेर काढलं? उद्यापासून यायचं नाही!"

सारजाबाई उठल्या.

"नाय येत साहेब. पन आधी मावशीचं खोटं होतं का खरं, ते बघा. त्या तीन महिन्यांपासून सांगायल्यात. मलाबी वाटायचं, कुनी चटनी कुटत असंल. मावशी म्हनल्या, भरलेला खलबत्ता दबका वाजतो, हा ठणठण वाजायला. आज राहवलं नाय मला."

आतल्या म्हातारीनं कपाळावर पदर ओढला. "दादा, त्यांच्यावर नका चिडू. मीच वाजवते. मी द्वारकाबाई, गोकुळची आई, वेरूळची. पोरगा-सून रविवार सोडून रोज सकाळी जातेत, दिवे लागल्यावर येतेत. हाका माराव्या तर लोक म्हनतेन म्हातारी बोंबलायली. म्हून खलबत्ता वाजवायचे. वाटायचं, कुनीतरी दारात येऊन इचारील, काय कुटायल्या बाई?"

मोठ्या पगाराचे, मोठ्या गाड्यांचे अठ्ठावीस फ्लॅट. तीन महिने एकालाही ते विचारावंसं वाटलं नव्हतं.

आता मात्र अभयराव भडकले. सारजाबाई राहिल्या बाजूला, त्यांनी तिथंच उभं राहून गोकुळला फोन लावला. "अरे, माणूस आहेस का कोण? जन्मदात्या आईला कोंडून ठेवतोस? उद्या आग लागली, ती पडली, तर कोण उघडणार? जनावराला सुद्धा असं बांधत नाहीत! लाज नाही वाटत तुला?"

फोन स्पीकरवर होता. पलीकडून गोकुळ गोंधळून म्हणाला, "साहेब, पण दिवाळीच्या मिटिंगमध्ये तुम्हीच तर सांगितलं होतं. मी आईला कुलूप लावून जातो, डोक्याला ताप नाही, तुम्हीबी लावा. कुलूपबी तुम्ही सांगितलेल्याच दुकानातून आणलं. अडीअडचणीला एक किल्ली सचिवाकडं ठेवा म्हणाले, ती पण तुमच्याच कपाटात आहे की!"

अभयरावांनी फोन खाली घेतला. सारजाबाईंनी कुलपाकडं बघितलं, मग त्यांच्या खिशाकडं, आणि नजर वळवली. त्या बाईनं तेवढी दया दाखवली.

कडूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "अभय, या बाईला तू काय सांगितलं होतं? माझी राखन करायची. बाबा, राखन ज्वारीची करतेत. पाखरं खातेत म्हून. मला कोनतं पाखरू खायलंय? मानसाला सोबत लागती, सोबत! तुझा बाप गेला तव्हा गल्लीतल्या बाया आळीपाळीनं महिनाभर माझ्याजवळ निजायला यायच्या. एकीनंबी कधी कुलूप लावलं नाय. तू मला गोळ्या देतो, फळं देतो, समदं देतो. पन तीन महिन्यांत माझ्याजवळ दहा मिनिटं बसला का? येड लागलं म्हून दवाखान्यात न्यायला निघाला व्हय रे? चल, ने. डाक्टरला मीच इचारते, कोनाला लागलंय ते!"

गोकुळची परवानगी घेऊन अभयराव वर गेले, कपाट उघडलं. आणि तिथंच उभे राहिले. खिळ्याला एक नव्हे, पाच किल्ल्या! प्रत्येकीला फ्लॅटचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, त्यांच्याच वळणदार अक्षरात. कालपर्यंत ही त्यांच्या चोख कारभाराची निशाणी होती. आज पहिल्यांदा त्यांना त्या पाच किल्ल्यांमागं पाच माणसं दिसली. अरे देवा! आपण एका आईला नाही, अख्ख्या इमारतीतल्या आयांना कोंडलं!

त्यांनी खाली येऊन कुलूप काढलं. दार सताड उघडलं. पण द्वारकाबाई उंबऱ्याच्या आतच उभ्या राहिल्या. अभयरावांकडं बघून हळूच म्हणाल्या, "येऊ का भाईर?"

पाच लेकरं वाढवलेली, शेत केलेली बाई एका परक्या पुरुषाला विचारत होती, माझ्या घराबाहेर येऊ का! अभयरावांना ते सोसेना. ते तिथंच पायरीवर बसले आणि सारजाबाईंदेखत रडले.

गुरुवारी ते दवाखान्यात गेले नाहीत. रविवारी त्यांनी सोसायटीची मिटिंग बोलावली आणि पाचही किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "ही चूक माझी. ही रीत मीच शिकवली, मीच मोडतो," एवढंच म्हणाले. दोघांनी लगेच किल्ली उचलली. एकानं वाद घातला, "कुणी हरवलं तर जबाबदार कोण?" कडूबाई मागून ओरडल्या, "हरवलं तर हुडका! कोंडल्यावर कोन हुडकायला येतंय?" मग त्यानंही किल्ली उचलली. सारजाबाई आता दहा ते एक खालच्या मोकळ्या खोलीत असतात. सहा घरांतली सहा म्हातारी माणसं तिथं जमतात, भांडतातसुद्धा. फोटो कुणी काढत नाही.

अकरा वाजता खलबत्ता अजूनही वाजतो. मिरच्या-लसणाचा ठेचा असतो आत, आवाज दबका येतो.

मायबाप वाचकहो, म्हातारपणी माणूस उपाशी कमी मरतं, अबोल्यानं जास्त मरतं. आईबापांची राखण करू नका, ती सामानाची करतात. त्यांना सोबत द्या. ती स्वतः देता येत नसेल तर देणाऱ्याला आणा, पण त्याच्या तोंडाला कुलूप लावू नका. आणि आज घरी गेल्यावर टीव्ही जरा बंद करून ऐका. तुमच्या जिन्यातही कुठंतरी काहीतरी ठणठण वाजत असेल. काय कुटायल्या बाई, एवढंच जाऊन विचारायचं आहे.