आनफिनच्या आजीचं विरजण

आमच्या खोऱ्यात बिअर घरीच करतात आणि तिचं विरजण शेजाऱ्याकडे ठेवतात. सगळं नाही, अर्धं. आपलं कधी नासलं, उंदरांनी खाल्लं, घराला आग लागली, तर शेजाऱ्याच्या दारात जायचं आणि आपलंच आपण परत मागून आणायचं. त्याबद्दल कुणी कुणाचे आभार मानत नाही. शहरातल्या दुकानात बिअरचं यीस्ट पाकिटात मिळतं, पण आनफिन त्याला ‘पावाचं’ म्हणायचा.

आनफिन माझा वरच्या अंगाचा शेजारी. त्याचं शेत डोंगराच्या उतारावर, माझं घर खाली फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, काठाला. मी इथल्या वाचनालयात एकतीस वर्षं नोकरी केली. निवृत्त झालो तेव्हा मला ओळखणारे पुष्कळ होते, पण माझ्या घरी येणारा हा एकटाच. दार न वाजवता यायचा.

“ग्रंथपाल,” एकदा तो म्हणाला, “सगळं वाचून झालं तुझं. आता काहीतरी कर. बिअर कर.”

“मला जमेल?”

“माझ्या आजीला जमायचं. तिला सहीसुद्धा करता येत नव्हती.”

त्याने मला चार वेळा त्याच्या शेजारी उभं केलं. जुनिपरच्या झुडपाच्या डहाळ्या पाण्यात उकळायच्या, त्या पाण्यात जवाचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, भिजवायचं, गाळून गोड काढा पिंपात घ्यायचा. इथवर मला कळत होतं. मग काढा निवू द्यायचा. किती? आनफिनकडे थर्मामीटर नव्हता. तो बाही वर सारून कोपर बुडवायचा.

“धारोष्ण दुधाइतका,” तो म्हणायचा. “गाईखालून भांडं काढलं की असतं तसा. त्याहून गार झाला तर विरजण रुसतं.”

विरजण म्हणजे वाळलेल्या पिवळट पापड्या. त्याच्या आजीपासून त्या घरात चालत आलेल्या. दर वेळी बिअरवर जो दाट फेस येतो तो काढून वाळवायचा, पुढच्या वेळी तोच वापरायचा. त्याला संत्र्याच्या सालीचा वास यायचा, आणि संत्रं तर त्या आजीने आयुष्यात दोनचारदाच पाहिलं असेल. पापड्या पिंपात टाकताना जोरात आरोळी ठोकायची. आरोळी जेवढी मोठी तेवढी बिअर कडक, असं मानतात. आनफिन ओरडला की पलीकडच्या काठावरची कुत्री भुंकत.

सहा वर्षांपूर्वी नोव्हेंबरात त्याच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी तो काठी टेकत खाली आला आणि माझ्या टेबलावर एक बरणी ठेवली.

“अर्धं आहे यात. आता तू आमचा विरजणाचा शेजारी. मूठभर टाक, बाकीचं ठेव. सगळं कधीही टाकायचं नाही, कळलं? दोन आठवड्यांनी मी परत येतो. लोकांना सांगून ठेवलंय, ग्रंथपालाची पहिली बिअर प्यायला या म्हणून.”

“लोकांना कशाला सांगितलंस?”

“नाहीतर तू केली नसतीस.”

माझ्याकडे एक पुस्तक होतं. मी पुस्तकावर विश्वास ठेवणारा माणूस, हे सबब म्हणून सांगत नाही. त्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं: अठरा ते वीस अंश. त्याहून ऊब जास्त झाली की बिअरला वार्निशसारखा वास मारतो. मागच्या वेळी आनफिन पाठमोरा असताना मी त्याच्या पिंपात चोरून थर्मामीटर घातला होता. एकोणचाळीस. तेव्हाच मी ठरवून टाकलं की हा माणूस आजवर नशिबाने तरला आहे.

मी काढा तळघरात अठरा अंशांपर्यंत निववला, दर अर्ध्या तासाने कागदावर आकडा लिहीत. मग मूठभर पापड्या टाकल्या. ओरडलो मात्र नाही. घरात मी एकटाच होतो, तरी लाज वाटली. बहुतेक “बरं मग” असं काहीतरी पुटपुटलो.

दुसऱ्या दिवशी पिंप शांत. पृष्ठभागावर माझाच चेहरा दिसत होता. मी आणखी एक मूठ टाकली. रात्रभर झोप नाही. गोड काढा आंबट होणार, लोक येणार, आनफिन सर्वांसमोर हसणार. तिसऱ्या दिवशी सकाळी बरणीत उरलेलं सगळं टाकलं. संध्याकाळपर्यंत एक बुडबुडा नाही. पुस्तकासोबत मागवलेल्या सामानात यीस्टचं एक पाकीट आलं होतं. मी ते कात्रीने कापलं आणि पिंपात ओतलं.

पुढच्या सकाळी फेस पिंपाच्या कडेला आला होता.

लोक आले, प्याले, माझ्या पाठीवर थापा पडल्या. आनफिन काठीवर रेलून सावकाश प्याला. म्हणाला, “छान आहे. जरा मवाळ आहे, तुझ्यासारखी.” सगळे हसले, मीही हसलो. मग तो म्हणाला, “वास कमी आलाय. तुझं तळघर गार असेल.” मी म्हटलं, “असेल.”

तेव्हा सांगता आलं असतं. मी ते ‘असेल’ पुष्कळदा पुन्हा बोलून पाहिलं आहे. निराळं काही म्हणता आलं असतं का, हे तपासत. आलं असतं. त्याच्या घरी तेव्हा त्याचं अर्धं शाबूत होतं. एक पेला पिता पिता तो मला शिव्या देऊन मोकळा झाला असता. मी मात्र फेस वाळवला आणि त्याची बरणी भरून फडताळात ठेवली. पुढेही तेच वापरत आलो, नेहमी अठरा अंशांवर. बिअर नेहमी चांगली व्हायची.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तो असाच दार न वाजवता आत आला.

“माझं गेलं,” खुर्चीत बसत तो म्हणाला. “कोठाराचं छप्पर उतरवलं होतं ना, त्यात विरजण वाळवायचं गवताचं कडं भिजलं. सगळं विरजण त्यावरच होतं. काळी बुरशी. कोंबड्यांनीसुद्धा तोंड लावलं नाही.” तो मुळीच दुःखी दिसत नव्हता. “बरं झालं तुझ्याकडे आहे. बोर्गिलचं लग्न जूनमध्ये. अखेर एक सापडला तिला.”

बोर्गिल त्याची मुलगी, बेचाळीस वर्षांची. त्या घरातली प्रत्येक लग्नाची आणि मयताची बिअर आजीच्या विरजणाची होती. हे मला माहीत होतं. गावातल्या कुणालाही माहीत होतं.

“हो,” मी म्हणालो. “आहे ना.”

तो गेल्यावर मी बरणी काढून हुंगली. पावासारखा वास. मी बरणी उलटी केली, हलवली, पुन्हा हुंगली. संत्र्याची साल कुठेतरी तळाशी असेल, असं एखाद्या मुलासारखं वाटत होतं.

मे महिन्याच्या एका शनिवारी त्याने काढा केला. मी सकाळी सांगेन म्हणून वर गेलो. डहाळ्या उकळत होत्या, बोर्गिल गाळणीला गवत लावत होती. दुपारी सांगेन म्हटलं. दुपारी आम्ही खारवलेलं मटण खाल्लं आणि बोर्गिलच्या नवऱ्या मुलाची टिंगल केली. चार वाजता आनफिनने बाही वर सारली, कोपर बुडवलं आणि डोळे मिटले.

“धारोष्ण,” तो म्हणाला. मग बरणी माझ्या हातात दिली. “आज तू टाक. आणि ओरड. एकतीस वर्षं लोकांना गप्प बसवलंस, आज एकदा तोंड उघड.”

झाकण उघडलं होतं. दोन पिंपं भरून लग्नाची बिअर समोर वाफाळत होती, एकोणचाळीस अंशांवर. पाकिटातलं यीस्ट त्यात पडलं असतं तर पुस्तकातला तो वार्निशचा वास दीडशे पाहुण्यांच्या पेल्यात गेला असता. आणि दोष बिचाऱ्या आजीला लागला असता.

“थांब,” मी म्हणालो.

“मी कशाला थांबू? टाकायचंय तुला.”

“हे तुमचं नाही.”

बोर्गिल हसली. “एद्विनकाका, बरणीसुद्धा आमचीच आहे.”

“बरणी तुमची आहे. आतलं पाकिटातलं आहे. पहिल्याच वेळेपासून.”

मग मी सगळं सांगितलं. नीट क्रमाने सांगता आलं नाही. आकडे आधी सांगितले, मग पाकीट, मग मूठ. आनफिनने बाही खाली केली आणि मनगटाचं बटण लावलं. त्याला वेळ लागला.

“किती गार केलं होतंस?”

“अठरा.”

“आणि किती थांबलास?”

“दोन दिवस.”

“आणखी एक दिवस थांबला असतास तर आलं असतं,” तो म्हणाला. “रुसतं म्हणालो होतो. मरतं म्हणालो नव्हतो.”

बोर्गिल पिंपाकडे बघत होती. “बाबा, आता?”

“आता काय. पुस्तक कुठंय?”

“घरी,” मी म्हणालो.

“आण. पाकिटाला किती गार लागतं ते वाच.”

मी धावत खाली गेलो आणि धावत वर आलो, त्या वयात, तो उतार. आम्ही ओढ्याचं पाणी आणून पिंपांभोवती ओतत राहिलो. बर्फ वितळण्याचे दिवस, पाणी हाडात शिरणारं. मी थर्मामीटर वाचायचा, आनफिन बादली उचलायचा. तेहतीस. सत्तावीस. बावीस. त्याच्या खुब्याला बादली झेपत नव्हती, पण त्याने ती मला दिली नाही.

अठराला मी थांबलो. आनफिनने बरणी घेतली, दोन्ही पिंपांत सारखी रिकामी केली आणि मागे सरकला.

“आरोळी?” बोर्गिलने हळूच विचारलं.

“पाकिटासाठी मी ओरडत नाही.”

ती माझ्याकडे बघत होती. लग्न तिचं होतं. मी ओरडलो. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज आला. पलीकडच्या काठावर एकही कुत्रं भुंकलं नाही.

लग्नात बिअर संपली, लोकांनी आणखी मागितली. आनफिनने विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, “आमचं जुनं नासलं, छपराच्या कामात.” माझं नाव त्याने घेतलं नाही. ते त्याने घेतलं असतं तर मी निदान उठून घरी जाऊ शकलो असतो.

त्यानंतर तो माझ्याकडे आला नाही. मग मीच बाहेर पडलो. त्याच्या आईने, आजीने कुणाकुणाला विरजण दिलं असेल, ते बोर्गिलला विचारून लिहून घेतलं. नऊ घरं निघाली. लोकांची दारं वाजवणं मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं, आणि तिथे जाऊन मी का आलो हे खरं खरं सांगावं लागायचं. आठ घरांत ते कधीच संपलेलं होतं. त्यातल्या एका घरी मला कॉफी दिली आणि नंतर शेजारणीला फोन करून सगळी हकीकत ऐकवली, मी बूट घालेपर्यंत.

नववं घर फ्योर्डपलीकडे, बोटीने जायचं. तिथे राग्ना नावाची शहाऐंशी वर्षांची बाई एकटी राहायची.

“तू तो पुस्तकवाला ना?” ती दारातूनच म्हणाली. “ज्याने आनफिनचं बुडवलं?”

“हो.”

“बरं केलंस, आलास. शिडी धर.”

शिडी मी धरली आणि चढली ती. माळ्यावरून तिने फडक्यात गुंडाळलेला, भोकं पाडलेला एक ओंडका काढला. भोकांत पिवळट खपल्या होत्या. “आनफिनच्या आईने दिलं, माझ्या लग्नात. माझा नवरा गेल्यापासून अकरा वर्षं मी बिअर केली नाही. जिवंत असेल तर असेल.” मी हुंगायला वाकलो तशी ती म्हणाली, “हुंगू नकोस मेल्या, ने आधी.”

आनफिनने ओंडका घेतला. दुसऱ्या दिवशी चुलीवर डहाळ्यांचं पाणी चढलं होतं. लहान भांडं, दहाएक लिटर. कोपर त्याने स्वतः बुडवलं, खपल्या स्वतः खरवडून टाकल्या, आणि ओरडला. पलीकडून कुत्र्यांनी उत्तर दिलं. आम्ही भांड्याला घोंगडी गुंडाळली आणि दोन खुर्च्यांवर बसलो. मी घड्याळ बघत नव्हतो, म्हणजे बघितलेलं त्याला दिसू देत नव्हतो. साडेपाच तासांनी तो उठला आणि घोंगडी बाजूला केली. फेस आला होता, पातळ, पण आला होता. स्वयंपाकघरभर संत्र्याच्या सालीचा वास सुटला.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मी चष्मा पुसत होतो, तेव्हा मीही त्याच्याकडे पाहिलं असं म्हणता येणार नाही.

आठवड्याने फेस वाळला. मी तिथेच होतो, त्याने दोन बरण्या भरल्या तेव्हा. एक त्याच्या फळीवर गेली. दुसरी त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून कोटाच्या खिशात घातली, काठी घेतली आणि आम्ही दोघं उतार उतरू लागलो. माझ्या फाटकाशी मी खीळ काढली आणि बाजूला झालो. ती बरणी माझ्यासाठी असेल असं मला वाटलं होतं, हे कबूल करायला हवं.

तो थांबला नाही. धक्क्याकडे चालत राहिला. राग्नाकडची बोट चार वाजता सुटते.

दहा पावलांवर जाऊन तो वळला.

“रविवारी प्यायला ये,” तो म्हणाला. “दार वाजवू नकोस.”

“येईन,” मी म्हणालो, आणि फाटक धरून बोट निघेपर्यंत तिथेच उभा राहिलो.