रडण्याचा रकाना

"सिस्टर, माझ्या तोंडाला काही लागलंय का?"

कळ ओसरल्यावर टेबलावरच्या बाईने आधी हेच विचारलं.

"नाही गं. का?"

"मघापासून तुम्ही माझ्या ओठांकडेच बघताय."

"कळ आधी तिथे दिसते," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "बाकीचं बघायला डॉक्टर आहेत की."

बाई हसली. पोस्टाच्या खिडकीवर काम करणारी, पहिलटकरीण. नवरा परगावाहून निघाला होता, अजून गाडीत होता.

ओठांचं खरं कारण वेगळं होतं. आठ महिन्यांपूर्वी सिस्टरांचा डावा कान गेला आणि उजव्यात कापूस कोंबल्यासारखं झालं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. निवृत्तीला एक वर्ष चार महिने उरले होते, तेवढे ओठ वाचून काढता येतील असा हिशोब होता. लोकांनी तोंडावर मास्क लावला की मात्र त्यांची पंचाईत व्हायची.

*वेळ: अकरा वीस. बाळाचे ठोके: एकशे चाळीस.*

ठोके सिस्टर लाकडी नळीने मोजत. एक टोक पोटावर, दुसरं कानामागच्या हाडाशी. आवाज येत नसे, हाडात टकटक जाणवे. मग मशीनचा आकडा बघायचा, जुळला की रकाना भरायचा. आजवर प्रत्येक वेळी जुळला होता.

"आमच्या सिस्टरांचा हात लागला ना, की मूल आपणहून रांगत बाहेर येतं," आयाबाई म्हणाली. ती अखंड बोले, म्हणून सगळे तिला रेडिओ म्हणत. "फक्त तू त्यांचं ऐक. माझं ऐकू नकोस, माझं कुणीच ऐकत नाही."

सिस्टरांना यातलं निम्मं दिसलं.

बाराच्या सुमारास मागे स्टीलचा ट्रे पडला. सगळे दचकले. सिस्टरही दचकल्या, पण सगळे दचकलेले पाहून. छोट्या डॉक्टरांनी त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

*वेळ: बारा पस्तीस. ठोके: सत्तर.*

नळीने सत्तर. मशीनने सत्तर.

"डॉक्टर," सिस्टर एवढंच म्हणाल्या.

मग जे झालं ते सहा मिनिटांत झालं. "आता दे जोर. हनुवटी छातीला. थांबू नकोस, थांबू नकोस, डोकं आलं माझ्या हातात," सिस्टर म्हणत होत्या. बाळ आलं. नाळेला गाठ होती, आवळून बसलेली, दोरीला मारावी तशी. नाळ कापून डॉक्टरांनी बाळ उचललं आणि कोपऱ्यातल्या गरम दिव्याखाली नेलं. रेडिओ हवा द्यायचा फुगा घेऊन मागोमाग धावली.

सिस्टर आईपाशीच राहिल्या. नाळेमागची वार अजून पडायची होती. एक हात पोटावर ठेवून त्या गर्भाशय आवळण्याची वाट बघत होत्या.

तेव्हा रडणं ऐकू आलं.

आधी ओलसर, घशात अडकलेलं. मग एक दम खाऊन पुन्हा, मोकळं. इतकं स्वच्छ त्यांनी आठ महिन्यांत काहीच ऐकलं नव्हतं. वार पडली, पूर्ण होती. हात धुवून त्यांनी लगेच नोंदीचा कागद ओढला.

*जन्म: बारा एकेचाळीस. मुलगी. बाळ रडलं: लगेच.*

पेन ठेवताना त्यांच्या लक्षात आलं, रडणं डाव्या कानात आलं होतं.

त्यांनी मान वर केली. डॉक्टरांचे दोन अंगठे अजून त्या एवढ्याशा छातीवर दाबत होते. रेडिओ फुगा दाबून हवा देत होती. त्या दोघांपैकी कुणी आनंदलं नव्हतं. रडायला दुसरं बाळही नव्हतं; शेजारची खोली रिकामी होती, तिथल्या खाटेवर चादरही नव्हती.

वीस मिनिटांनी डॉक्टरांनी हात काढले.

त्यांनीच आईला सांगितलं, नीट, शेजारी बसून. तिने ऐकून घेतलं. मग ती सिस्टरांना म्हणाली, "पण ती रडली होती ना? दोनदा. दुसऱ्यांदा मोकळं."

सिस्टरांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

कागद वाचून डॉक्टरांनी सिस्टरांना खिडकीपाशी बोलावलं. मास्क खाली केला आणि सावकाश बोलू लागले.

"मी तिच्यावर वाकलो होतो, सिस्टर. छाती हलली नाही, ठोका नव्हता. आवाज कुठून येणार? मावशी, तुम्ही ऐकलंत?"

रेडिओने मान हलवली. नाही.

"रडली लिहिलं तर ती जन्मली आणि मग गेली. नाही लिहिलं तर मृत जन्म. दोन वेगळे कागद आहेत."

"फरक काय?" आईने टेबलावरून विचारलं. तिला सगळं ऐकू जात होतं.

डॉक्टर म्हणाले, "एकावर नावाची जागा असते."

"मला तो द्या."

डॉक्टरांनी आईकडे पाठ केली, फक्त सिस्टरांना दिसेल असं तोंड केलं आणि आवाज न काढता ओठ हलवले. *तुम्हाला ऐकू येत नाही. ट्रे पडला तेव्हाच कळलं मला. तो शब्द खोडा, सही करा. बाकी मी कुणाला काही विचारणार नाही.*

सौदा सरळ होता. एक रेघ मारली की एक वर्ष चार महिने सुखरूप. शिवाय डॉक्टरांचं म्हणणं चूक नव्हतं. ती छाती हलली नव्हती, हे सिस्टरांनीही पाहिलं होतं.

आई सिस्टरांच्या ओठांकडे बघत होती.

सिस्टर कागदावर वाकल्या. "लगेच" या शब्दाला त्यांनी हात लावला नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलं:

*रडणं दोघींनी ऐकलं, आईने आणि मी. डॉक्टर व आयाबाई यांनी ऐकलं नाही. छाती हलताना कुणी पाहिली नाही. मला डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही. रडणं त्याच कानात आलं.*

नुसती सही न करता त्यांनी पूर्ण नाव लिहिलं.

डॉक्टरांनी दोनदा वाचलं. "हे घेऊन मी काय करू?"

"वर पाठवा. ते ठरवतील."

"ते आधी तुमचं ठरवतील."

"हो," सिस्टर म्हणाल्या.

आईला मुलगी जवळ घ्यायची होती, पण पुसून, स्वच्छ करून. रेडिओने टबात पाणी आणलं. सिस्टरांनी बाही वर केली आणि कोपर पाण्यात बुडवलं. जरा जास्तच गरम होतं.

"आता काय त्याचं, सिस्टर," रेडिओ म्हणाली.

दुपट्यातली मुलगी हातावर घेऊन मोठ्या सिस्टर पाणी निवायची वाट बघत उभ्या राहिल्या.