चोमड्याच्या मानेतली चिठ्ठी

"हिच्या घरी दोन सूर्य आहेत बरं का," चोमड्या म्हणाला आणि चौथीचा अख्खा वर्ग खिदळला.

चोमड्या म्हणजे माझ्या उजव्या हातातली बाहुली. कागदाच्या लगद्याचं डोकं, बटबटीत डोळे, कानापर्यंत फाटलेलं तोंड. तेवीस वर्षं त्याला घेऊन मी शाळाशाळांतून फिरतोय. अर्धा तास विज्ञान, अर्धा तास चित्रकला. मी काळ्या पडद्यामागे उकिडवा बसतो, मुलांना दिसतो फक्त चोमड्या. त्याची जीभ भारी सैल. जे मला चारचौघांत बोलवणार नाही ते तो बेधडक बोलतो, आणि मुलांना तेच आवडतं.

त्या दिवशी चंद्राच्या कला चालल्या होत्या. एक दिवा म्हणजे सूर्य, काठीवरचा पांढरा चेंडू म्हणजे चंद्र, आणि दोघांच्या मध्ये मी पुठ्ठ्याची पृथ्वी हळूहळू सरकवायचो. तिची काळी सावली चेंडूवर चढत जायची. "खाल्ला, चंद्र खाल्ला," असं कुणीतरी ओरडायचंच, आणि मग टाळ्या. माझ्या सगळ्या खेळांत हा हमखास रंगणारा.

टाळ्या थांबल्या तशी खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "पण काल शाळा सुटली तेव्हा अर्धा चंद्र डोक्यावर होता, आणि सूर्य तिकडे, अजून मावळला नव्हता. दोघंही दिसत होते. मग पृथ्वी त्यांच्या मध्ये कशी येईल?"

मला उत्तर येत नव्हतं. खरं सांगायचं तर प्रश्न पुरता कळलाही नव्हता. पण खेळ पडता कामा नये, म्हणून मी वेळ मारून नेली. चोमड्याला मान वाकडी करायला लावली आणि त्याच्या तोंडून ते दोन सूर्यांचं बोललो. वर आणखी, "मग घरी पंखे किती लावता गं?" मुलं बाकांवर लोळायची बाकी राहिली.

ती खाली बसली. पुढच्या अर्ध्या तासात मी चोमड्याच्या तोंडून सगळ्यांना चेंडू काढायला शिकवला. उजेड ज्या बाजूनं येतो ती बाजू पांढरी सोडा, पलीकडची गडद करा, की चेंडू झाला गोल. पडद्याच्या विरळ कापडातून मला तिचा कागद दिसत होता. तो कोराच राहिला.

घरी चालत निघालो. आमच्या कोपऱ्यावर एक किल्लीवाली बसते. टपरीला वाकड्या मानेचा दिवा, शेजारी स्टुलावर तिची छोटी लेक. किल्लीवाली स्वतः चौथीत असताना चोमड्याचा खेळ तिच्या शाळेत झाला होता. त्यामुळे रोजचा प्रश्न ठरलेला.

"काका, चोमड्या बरा आहे ना?"

"त्याला काय धाड भरलीय," मी म्हणालो आणि सहज वर पाहिलं.

टपरीच्या पत्र्यावर अर्धा चंद्र होता. रस्त्याच्या टोकाला सूर्य, अजून चांगला वीतभर वर. मध्ये काही नाही, नुसतं मोकळं आभाळ. चंद्राची उजळ बाजू बरोबर सूर्याकडे होती. तासाभरापूर्वी मी मुलांना चेंडू जसा रंगवायला शिकवला, अगदी तसाच तो दिसत होता.

घरी आल्यावर खिडक्या बंद केल्या, दिवा लावला आणि बायकोच्या हातात तो पांढरा चेंडू दिला. ती बाहुल्यांचे कपडे शिवते, माझी खुळं तिला नवी नाहीत. मी म्हणालो, "हात लांब कर, डोक्याच्या जरा वर धर, आणि जागच्या जागी गिरकी घे."

तिनं घेतली. मी तिच्या मागे उभा राहून तिच्या खांद्यावरून पाहत होतो. आधी चेंडूची नुसती कड उजळली, मग अर्धा, मग पुरा. सावली कुणाचीच पडली नव्हती. ज्या बाजूवर उजेड पडतो, त्यातली किती आपल्याला दिसते, एवढाच सगळा मामला.

"बरं दिसतंय की," ती म्हणाली. "तोंड का पाडलंत?"

मी उत्तर न देता चोमड्याला पिशवीतून काढलं. त्याच्या मानेत पुठ्ठ्याची नळी आहे, तिच्यात माझं बोट जातं. अकरा वर्षांपूर्वी ती सैल झाली होती, म्हणून आत एक कागद घडी करून ठोसला होता. चिमट्यानं तो ओढून काढला. घामानं पिवळा पडला होता, पण अक्षर वाचता येत होतं. कुठल्याशा शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी खेळ झाल्यावर हातात दिलेली चिठ्ठी. ‘खेळ सुंदर झाला. पण कला सावलीमुळे होत नाहीत, सावलीमुळे ग्रहण होतं. कृपया तपासून पाहावं.’

बायकोनं वाचली. "तुम्ही तेव्हा वाचली नव्हती?"

"वाचली होती."

"मग?"

"टाळ्या पडत होत्या," मी म्हणालो.

तिनं चिठ्ठीची घडी घालून ती माझ्या हातात दिली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. अकरा वर्षं प्रत्येक खेळात त्या कागदाला माझं बोट टेकत होतं, आणि मी त्याला मानेचं ठिगळ समजत होतो. मला माझीच लाज वाटली.

दोन दिवसांनी त्या शाळेत गेलो. मोठ्या बाईंना दहा मिनिटं मागितली. त्या म्हणाल्या, "अहो, मुलं कधीच विसरली असतील. कशाला उगाच?"

वर्गाच्या दारापाशी पोचलो तेव्हा आतून कुणीतरी ओरडत होतं, "ए दोन सूर्य, माझा खोडरबर दे." मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला झाल्या.

पडदा लावला. चोमड्याला वर काढलं. त्यानं टेबलावर डोकं आपटून घेतलं. "मी महामूर्ख, मी गाढव. माझं चुकलं, माफ कर मला बाई." वर्ग पुन्हा खिदळला. खिदळणारच.

खिडकीजवळची ती मुलगी हसली नाही. उभी राहून पडद्याकडे पाहत म्हणाली, "हा काहीही बोलला तरी सगळे हसतातच. तुम्ही बोला."

मी चोमड्याला हातातून उतरवलं. उठायला वेळ लागला, गुडघे धरले होते. पडद्याबाहेर आलो तेव्हा वर्ग चिडीचूप झाला. एवढा म्हातारा माणूस मागे असेल असं त्यांना वाटलं नसावं. तेवीस वर्षांत मुलांशी माझ्या आवाजात मी एक वाक्य बोललो नव्हतो. तो निघाला तोही अगदी बारीक.

"ही बरोबर होती," मी म्हणालो. "मी चुकीचं शिकवलं. मला उत्तर येत नव्हतं म्हणून मी तिची टर उडवली. आणि एका बाईंनी मला हे पूर्वीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

मग पडदे ओढून दिवा लावला आणि चेंडू तिच्याच हातात दिला. ती फिरली, मागोमाग एकेक जण येऊन फिरला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मुलं नीट पाहत होती.

चेंडू परत देताना तिनं विचारलं, "तेवीस वर्षं तुम्ही हेच सांगत होता?"

"हो."

"मग त्या सगळ्यांना आता कोण सांगणार?"

मी चेंडू पिशवीच्या तळाशी ठेवला. या वेळी चोमड्याला पुढे केलं नाही.

संध्याकाळी कोपऱ्यावर आलो. चंद्र आता पाऊण भरला होता. किल्लीवाली कानस चालवत होती आणि स्टुलावरची लेक वर बघत होती.

"आई, त्याचा तेवढा तुकडा कुठे गेला?"

"आहे तिथेच. पृथ्वीची सावली पडलीय त्याच्यावर." मला पाहून ती हसली. "बरोबर ना काका? चोमड्यानं शिकवलेलं आहे, अजून विसरले नाही."

तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता. नुसतं हो म्हणून पुढे जाता आलं असतं. मी पिशवी खाली ठेवली, चोमड्याला बाजूला सारलं आणि तळातला चेंडू काढला.

"तुझा दिवा जरा इकडे वळव," मी म्हणालो. "मी तुला चुकीचं शिकवलं होतं."

तिनं अर्धी घासलेली किल्ली खाली ठेवली, आणि दिव्याची मान माझ्याकडे वळवली.