बायकांची खोली पलीकडं

फोन मीच लावला होता, हे आधी सांगते. तेरा सालचा उन्हाळा. दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीपाशी कागद डकवलेला, 'दारू सोडायची आहे? आम्ही सोडली. फोन करा.' ज्ञानेश्वरीनं, माझ्या पोरीनं, तो वाचून दाखवला. तिच्या हाताला ओलं प्लास्टर. टँकर आला तवा मी पिऊन पडले होते, म्हणून ती एकटीच हंडा घेऊन गेली. रेटारेटीत पडली, हात मोडला. बारा वर्षांची पोर. वाचून झाल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं नाय. मी नंबर तेवढा पाठ करून घेतला.

फोनवरचा माणूस गोड बोलला. म्हणला, "ताई, मालक किती वर्षांपासून घेतात?"

आता काय सांगावं! तोंडातून निघून गेलं, "लई वर्षं झाली." तिथंच माती खाल्ली मी.

मालक म्हणजे अंगद. त्यांनी जन्मात दारू हुंगली नाय. कन्नड तालुक्यात आमची मेंढरं होती. चारापाणी आटलं तशी विकली, तर विकताना बी गिऱ्हाइकाला म्हातारी मेंढी म्हातारीच सांगायचा हा माणूस. मग शहरात आलो. बायपासकडं बिल्डिंगांवर बिल्डिंगा चढत होत्या. एकीवर ते वाचमन, मी तिथंच माल कालवायला. स्लॅब ओतून झाला की मुकादम सगळ्यांना पाजायचा, ही तिथली रीतच. पहिल्या स्लॅबला मी नाय म्हणले. दुसऱ्याला घेतली. मग स्लॅबची वाट कोण बघतंय!

रविवारी दुपारी आम्ही दोघं शहरातल्या छावणी भागात गेलो, एका शाळेत. मीटिंग तिथं भरायची. दारातच केशवराव भेटले, रिटायर कारकून, दारू सोडून अकरा वर्षं झालेले. त्यांनी अंगदच्या खांद्यावर हात ठेवला न् मला म्हणाले, "ताई, घरच्या बायकांची खोली पलीकडे."

मी अंगदकडं बघितलं, ते माझ्याकडं. न् गेले की आत, मुकाट! बाहेर आल्यावर मी भांडले, "अवो, बोलला का नाय?" तर म्हणतेत कसे, "लोकांनी तुला नावं ठेवण्यापरीस मला ठेवू दे."

तीन रविवार हाच तमाशा. केशवरावांच्या बायको यमुनाबाई, त्या आमच्या खोलीत सगळ्यांना बोलतं करायच्या. एकेक बाई सांगायची, नवऱ्यानं घागर फोडली, पोराचं दप्तर विकलं. मी मान हलवायचे न् मनात म्हणायचे, अगं बाई, हा तर मीच की! पलीकडं अंगद गप्प बसलेले. ते लोक समजूत घालायचे, "कबूल करायला वेळ लागतो, भाऊ." गळ्यातली माळ बघून एकजण म्हणला, "माळकरी तर लईच लपवतेत." चहावर चहा पाजायचे बिचाऱ्याला.

न् मी? तिसऱ्या रविवारनंतर सोमवारीच परत प्यायले. पिणारच! दुखणं मला न् औषध नवऱ्याला, उतरणार कसं? सकाळी ज्ञानेश्वरीनं रिकामी बाटली माझ्यापुढं आणून ठेवली, प्लास्टरच्याच हातानं. मेल्याहून मेल्यागत झालं मला. मग त्या शरमेचाच राग आला, न् मला राग आला की कुणी मधी पडू नये.

चौथ्या रविवारी उकाडा लई, म्हणून दोन्ही खोल्यांच्या मधलं दार उघडं ठेवलेलं. केशवरावांचा आवाज आला, "अंगदभाऊ, आज बोलाच." अंगद उभे राहिले. "मी अंगद," म्हणाले. "मी..." न् अडकले. कपाळावर सकाळचा भंडारा तसाच होता. भंडारा लावून खोटं बोलायचं नाय, आमच्यात एवढं पक्कं. न् हा बाबा माझ्यापायी तेच करायला उठलेला! माझ्यानं बघवलं नाय.

उठले. यमुनाबाई म्हणाल्या, "अहो कस्तुराबाई, कुठे निघालात?" थांबले नाय. सरळ गड्यांच्या खोलीत.

"बसा वो तुम्ही," मी अंगदला म्हणलं. मग सगळ्यांना सांगितलं, "ह्यांनी आयुष्यात थेंब घेतला नाय. मी कस्तुराबाई. दारू मी पिते."

मागनं सांडू नावाचा एकजण पुटपुटला, "बाईमाणसानं असलं चारचौघांत..."

"का रं?" मी गर्रकन वळले. "दुकानदार बाटली देताना इचारतो का, बाई हाय का बुवा? चढताना दारू बघती का, लुगडं हाय का धोतर? मग सोडतानाच मला भिताडामागं बसवता व्हय?"

केशवराव चाचरले. "ताई, या खोलीत आजवर कधी बाई आलीच नाही..."

"आली आता. खुर्ची द्या."

त्यांनी स्वतःचीच पुढं केली. मी बसले.

अंगद अजून उभेच, टोपी हातात. म्हणाले, "मग म्या कुठं बसू?"

"पलीकडं. पिणाऱ्याच्या घरच्यांची खोली ती."

गेले बायकांत. यमुनाबाईंनी सरकून जागा दिली. जरा वेळानं उघड्या दारातनं अंगदचा आवाज आला, खणखणीत, बाजारात मेंढरं विकतानाचा.

"मी अंगद. माझी बायको दारू पिते."

सगळी खोली माझ्याकडं बघायला लागली. मी मान खाली घातली नाय. पदर खोचला न् केशवरावांना म्हणलं, "हां, आता पहिल्या स्लॅबपासून सांगते."