दोन पट्ट्यांची पाटी

"ही पाटी दिसली तर काय करायचं?" साहेबांनी तक्त्यावर पट्टी टेकवून विचारलं.

तोतारामनाना ताठ झाले. लाल त्रिकोण आणि त्यात रेल्वे गेटचं चित्र. जळगावच्या आरटीओ कचेरीत सकाळपासून रांगेत उभं राहून त्यांचे पाय भरून आले होते, पण हा प्रश्न म्हणजे अगदी घरचाच.

"साहेब, स्टेशनातून फोन येतो. खुणेचा प्रायव्हेट नंबर घ्यायचा, वहीत लिहायचा. गेट लावायचं, कुलूप घालायचं. मग झेंडी घेऊन उभं राहायचं, गाडी पास होईपर्यंत."

मागची रांग फिसकन हसली.

"गेटमन होतात का?"

"एकतीस वर्षं, साहेब. दोंडाईच्याकडं. एक डाग नाही."

"छान. पण आता तुम्ही गेटच्या बाहेर, रिक्षात बसलेले आहात. बरं, चित्राखाली या दोन तिरप्या पट्ट्या कशाच्या?"

"दोन रूळ. डबल लाइन."

"आणि एकच पट्टी असली तर?"

"सिंगल लाइन."

आता साहेबही हसले. "पुढच्या मंगळवारी या, आजोबा. जरा वाचून या."

रिटायर होऊन नानांना दोन वर्षं झाली होती. पिंप्राळ्यात दोन खोल्यांचं घर बांधलं होतं आणि दर्शनी भिंतीवर रेल्वेनं दिलेला दाखला काचेत लावला होता. 'सेवा निष्कलंक' हे त्यातले दोन शब्द येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवल्याशिवाय नाना चहा पिऊ देत नसत. पण दाखला दिवसातून किती वेळा पुसणार? दिवसभर घरात घुटमळून ते बायकोच्या, कमलबाईंच्या, पायात पायात यायला लागले, तेव्हा शेजारच्या पंडितनंच सुचवलं, "नाना, रिक्षा शिका. सकाळची माझी रिक्षा तुम्हीच फिरवा." म्हणून हा सगळा खटाटोप.

परीक्षेतली फजिती ऐकून पंडितला हसू आवरेना. संध्याकाळी ओट्यावर चिन्हांचं पुस्तक उघडून तो नानांना शिकवायला बसला.

"नाना, पट्ट्या म्हणजे रूळ नाही, अंतर! दोन पट्ट्या म्हणजे गेट अजून लांब आहे, दोनशे मीटरवर. अजून दिसत नाही, पण आहे. गाडी तिथूनच हळू करायची. एक पट्टी म्हणजे जवळ आलं. एवढी वर्षं गेटवर काढली अन् हे ठाऊक नाही तुम्हाला?"

"आम्ही गेटच्या आत रे. पाटीचं तोंड येणाऱ्याकडं असतं," नाना म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आणि पाटीच नसली तर?"

"मग काय! पुढं वळणबिळण असलं, तर नवखा माणूस थेट गेटवर जाऊन आदळेल," असं सहज म्हणून पंडित रिक्षा पुसायला उठला.

नाना बसूनच राहिले. कमलबाईंनी आणून ठेवलेल्या चहावर साय धरली. मग ते उठले, परसातल्या खुराड्यापाशी गेले आणि त्याच्यावरचा पत्रा त्यांनी ओढून काढला. कोंबड्या फडफडत अंगणभर झाल्या.

"काय करी राहिनात?" कमलबाई ओरडत बाहेर आल्या.

नानांनी पत्रा उलटा केला. आधी गेटवरच्या खुराड्यावर, मग इथं, नऊ वर्षं खाली तोंड करून असल्यामुळं रंग बऱ्यापैकी टिकला होता. लाल त्रिकोण, गेटचं चित्र, आणि खाली दोन तिरप्या पट्ट्या.

चौऱ्याऐंशी सालच्या वैशाखात मोठं वादळ झालं, तेव्हा हा पत्रा गेटच्या पलीकडं, बाभळीच्या वळणामागं, उखर्डू नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात येऊन पडला होता. रेल्वेचा खिळासुद्धा कधी घरी न आणणारे नाना, पण हा पत्रा काही रेल्वेचा नव्हता, रस्त्याचा होता. आणि गेट तर तिथं उभंच आहे, त्याचं चित्र कशाला हवं, असं त्यांना तेव्हा अगदी मनापासून वाटलं होतं. जाड पत्रा पाहून कमलबाई खूश झाल्या. नानांनी सुटलेले रंगाचे पोपडे तेवढे घासून काढले आणि रंगीत बाजू खाली करून पत्रा गेटजवळच्या घरामागं खुराड्यावर टाकला.

त्यानंतर दीड महिन्यानं वना गेला. दहा कोसांवरच्या गावातला चोवीस वर्षांचा पोरगा, कुणाची तरी राजदूत मोटारसायकल घेऊन त्या रस्त्यानं पहिल्यांदाच येत होता. दिवेलागणीची वेळ होती. वळण घेतलं आणि तो सरळ लागलेल्या गेटवर आदळला. चौकशी झाली. गेट वेळेवर लागलेलं होतं, दिवा पेटलेला होता, वहीत नंबर होता. नाना निर्दोष सुटले. तेराव्यानंतर वनाची आई, वच्छलाबाई, गेटवर आली होती. तिनं एवढंच विचारलं होतं, "नाना, मना पोऱ्याले गेट दिसनं नही का?"

"मी नियमपरमाने गेट लायेल व्हतं, अक्का. त्यानी गाडी जोरमा व्हती," नाना म्हणाले होते. आणि हे बोलताना त्यांची पाठ खुराड्याकडं होती, हे त्यांना आज आठवलं.

मंगळवारी साहेबांनी मुद्दाम तीच पाटी दाखवली. नाना सांगू लागले, "गेट लांब आहे साहेब, अजून दिसत नाही. पण आहे. गाडी हळू करायची." साहेबांनी सही केली. शिकाऊ लायसन्स खिशात घालून नाना घरी आले, तर पेढे आणलेत का म्हणून पंडित दारातच उभा. नानांनी पेढे आणले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पत्रा जुन्या चादरीत गुंडाळून ते सुरत पॅसेंजरमध्ये बसले. "सांगीसन काय व्हई आते?" कमलबाईंनी निघताना विचारलं होतं. नानांनी चादरीची गाठ तेवढी आवळली होती.

ते वनाच्या गावी पोचले, तेव्हा वच्छलाबाई ओसरीत तूर पाखडत होत्या. केस पार पांढरे झाले होते, पण त्यांनी नानांना लगेच ओळखलं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. नानांनी पाणी घेतलं नाही. चादर सोडून पत्रा त्यांच्यासमोर ठेवला आणि पट्ट्यांवर बोट ठेवून सगळं सांगितलं.

"वळणना पहिले हाई पाटी व्हती, अक्का. वादळमा पडनी. मी उचलीसन लई गऊ. कोंबड्यासवर झाकी." त्यांनी पत्रा थोडा पुढं सरकवला. "वनाले गेट कसं दिसी?"

वच्छलाबाई सूप मांडीवर धरून पाटीकडं बघत राहिल्या. शिव्या येतील, सूप अंगावर येईल, अशी नानांची तयारी होती.

"म्हंजे तो पेल नव्हता," त्या म्हणाल्या.

नानांना कळेना.

"बठ्ठा गाव म्हने, वच्छलाना पोऱ्या दारू पेल व्हता. लागेल गेटवर कोन जाई आदळस? नऊ वरीस आयकी राहिनू, नाना. मना मनमाबी येवाले लागनं, पेल व्हई का?" त्यांनी डोळ्यांना पदर लावला, लगेच काढला. "गावमा सांगशात का हाई?"

नानांच्या डोळ्यांपुढं काचेतला दाखला आला. दोन शब्दांसाठी एकतीस वर्षं गेली होती. तो इथं कुणी पाहिला नव्हता, पण पारावर बसणाऱ्यांत दोंडाईच्याला जाणारे होते, गेटवर त्यांना नाना म्हणून हाक मारणारे होते. उद्यापर्यंत गोष्ट स्टेशनात जाणार होती.

"सांगस," ते म्हणाले.

वच्छलाबाईंनी सूप खाली ठेवलं, डोक्यावर पदर घेतला, चपला घातल्या. नाना पत्रा पुन्हा चादरीत गुंडाळू लागले, तर त्यांनी हात आडवा केला.

"राहू द्या. दिसू द्या."

पाराकडं जाणाऱ्या बोळातून वच्छलाबाई पुढं चालल्या. मागं तोतारामनाना, छातीशी दोन्ही हातांनी पाटी धरून. तिचं तोंड येणाऱ्यांकडं होतं.